अळ्या येतात कुठनं? माशीचं चक्र समजून घ्या आणि मधेच तोडा (गोठा, घर, कचऱ्याचा डबा, सगळ्यांसाठी)

पहिल्यांदा म्हैस घेतलेली पोरं, फ्लॅटच्या बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करायला लागलेल्या वहिनी आणि सांगलीच्या विश्रामबागेत रूम करून राहणारे कॉलेजवाले, ह्या तिघांचाही प्रश्न सेम असतो. "काल तर काहीच नव्हतं, एका रात्रीत एवढ्या अळ्या आल्या कुठनं?" एका रात्रीत आल्या हे जवळपास खरं आहे. आपोआप आल्या हे मात्र खोटं. कुणीतरी येऊन अंडी घालून गेलंय आणि तुमचं लक्ष नव्हतं, एवढीच गोष्ट आहे.

सगळा लेख वाचायचा कंटाळा असेल तर एवढंच डोक्यात ठेवा. आज तुमच्या ताटावर बसलेली माशी आठ-दहा दिवसांपूर्वी कुठल्यातरी ओल्या घाणीत अंडं होती, आणि ती घाण बऱ्याचदा तुमच्याच आवारात असते. माशीच्या मागं फडकं घेऊन पळण्यापेक्षा ती ओल शोधायची, दिवस मोजायचे आणि चक्र पूर्ण व्हायच्या आत ती जागा साफ करायची. बाकी सगळं ह्याचाच विस्तार.

आपल्याकडं जुन्या लोकांनी जीवांच्या चार खाणी सांगितल्यात, अंडज, जारज, स्वेदज, उद्भिज. ऊवा, किडे असले जीव घामातनं, उबेतनं होतात म्हणून ते स्वेदजात टाकले. त्यात हसण्यासारखं काही नाही, तिकडं ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलसारखा माणूस पण असंच काहीतरी मानायचा, आणि डोळ्यानं बघितलं तर दिसतंही तसंच, मटण ठेवलं, कुजलं, अळ्या झाल्या. १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेडी नावाच्या डॉक्टरनं बरण्यांत मांस ठेवून काही उघड्या ठेवल्या, काहींवर बारीक कापड बांधलं आणि दाखवून दिलं की माशी आत गेली तरच अळ्या होतात. तो प्रयोग आपण पण करणार आहोत, खर्च शून्य.

आधी बघा, अळी माशीचीच आहे का

घरात जी वळवळ दिसते ती सगळी माशीची नसते आणि उपाय वेगवेगळे असतात, म्हणून ही पायरी गाळू नका. एक अळी काडीनं उचलून पांढऱ्या बशीत ठेवा आणि मोबाईल झूम करून फोटो काढा. डोकं वेगळं, तपकिरी, कडक दिसतंय का? पुढं बारीक पाय आहेत का? असतील तर ती माशीची नाही. रव्यात, शेंगदाण्यात जाळी करून बसते ती पतंगाची अळी. तांदळातले सोंडे न् पिठातले टोके भुंगेऱ्यांच्या जातीचे. त्यांना ऊन द्यायचं, चाळायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं, विषय संपला, माशीचा त्यात काही संबंध नाही.

माशीच्या अळीला पाय नसतातच. एक टोक निमुळतं, दुसरं बोथट. बोथट टोकाला दोन गडद ठिपके दिसतात आणि प्रत्येक जण म्हणतो, हे बघा डोळे. डोळे नव्हेत ते, ती मागची बाजू आहे आणि ठिपके म्हणजे श्वास घ्यायची भोकं. तोंड निमुळत्या टोकाला असतं, तिथं कातडीतनं आतले काळे आकडे दिसतात, जरा वेळ टक लावून बघितलं की ते पुढं-मागं होताना कळतात, त्यांनीच ती अन्न ओरबाडते आणि त्यांनीच पुढं सरकते. म्हणजे डोकं घाणीत खुपसून खायचं आणि मागनं श्वास घ्यायचा असा सगळा कारभार. हे लक्षात ठेवा, पुढं जनावराच्या जखमेच्या वेळी कामाला येतंय.

आता माशी कुठली हेही ओळखता आलं तर अर्धं काम होतं. घरमाशी करडी असते, पाठीवर चार काळपट उभे पट्टे. हिरवी-निळी चमकणारी जाडजूड माशी मांस, मासळी, मेलेलं उंदीर-मांजर ह्यावर येते, ती घरात घोंघावायला लागली तर माळ्यावर नाहीतर फ्रीजच्या मागं काहीतरी मेलंय का बघा. करडीच पण मोठी, लाल डोळ्यांची, पोटावर चौकटी असलेली ती मांसमाशी, तिची गंमत पुढं सांगतो. आणि गोठ्यात जनावरांच्या पायाला चिकटून रक्त पिते ती दिसायला घरमाशीसारखीच, पण तोंडाला पुढं सुई असते. घरमाशीला चावताच येत नाही, ती लाळ टाकून विरघळवते आणि शोषून घेते. "माशी चावली" असं कोण म्हणालं तर ती दुसरी होती.

बरणीचा प्रयोग

ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी आणि ज्यांच्या घरी शाळेतली पोरं आहेत त्यांनी हा जरूर करा, बाकीच्यांनी पुढं सरका.

काचेच्या तीन सारख्या बरण्या घ्या. खाणाऱ्यांच्या घरात चिकनवाल्याकडची कातडी-चरबी, शाकाहारी घरात पाण्यात भिजवलेली सरकी पेंड. तिन्हीत सारखंच टाका. टाकण्याआधी एकदा उकळून घेतलेलं बरं, कारण आणतानाच त्यावर अंडी असू शकतात. केळं वापरू नका. सालीवर चिलटांची अंडी दुकानातच पडलेली असतात, मग बंद बरणीतसुद्धा अळ्या होतात आणि आजी म्हणणार, बघ, मी सांगत नव्हते? पहिली बरणी उघडी ठेवायची, दुसरीवर मलमलचं बारीक कापड रबरानं ताणून बांधायचं, तिसरीला घट्ट झाकण. सावलीत, पण माश्या येतील अशा जागी ठेवा, परसात नाहीतर गोठ्याच्या कडेला. आणि तिन्ही बरण्या पाणी घातलेल्या परातीत ठेवा, नाहीतर मुंग्या अंडी उचलून नेतात आणि प्रयोगाचा बोऱ्या वाजतो. मांजराची व्यवस्था तुमची तुम्ही बघा.

उघड्या बरणीत माश्या बसतील, फिरतील, एखादी पोटाचं शेवटचं टोक लांब करून भेगेत घालून थांबलेली दिसेल, ती अंडी घालतीय. अंडी तांदळाच्या कणीसारखी, पांढरी, मिलिमीटरभर लांब, एकमेकांना चिकटून घोसानं असतात. एक घालायला बसली की तिथं आणखी माद्या येतात, म्हणून एकाच कोपऱ्यात शेकड्यानं सापडतात न् शेजारची जागा स्वच्छ दिसते. आपल्याकडच्या उबेत ८ ते २४ तासांत ती फुटतात. संध्याकाळी झाकायचं राहिलेलं चिकन सकाळी वळवळताना दिसतं ते ह्यामुळं. अंडी सहसा रात्रीची पडलेली नसतात, माशी अंधारात फारशी उडत नाही, आदल्या दिवशी उजेडातच कधीतरी पडलेली असतात आणि रात्रीत फुटतात.

कापड बांधलेल्या बरणीवर खरी मजा आहे. वास बाहेर येतो, माश्या घिरट्या घालतात, आत जाता येत नाही, मग बऱ्याचदा कापडावरच अंडी घालून जातात. रेडीलाही हेच दिसलं होतं. कापड जाडंभरडं, मोठ्या भोकांचं असेल तर बारक्या अळ्या खाली पडून आत जातात, म्हणून मलमल. इथंच मांसमाशी घोळ घालू शकते, कारण ती अंडी घालतच नाही, अंडी पोटातच फुटतात आणि ती थेट जिवंत अळ्या सोडते, जाळीवर बसून खाली सोडायलाही कमी करत नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत काय होतं? कुजतं, पाणी सुटतं, वास असा मारतो की उघडायची हिंमत होत नाही, पण अळी एक पण नाही. कुजणं वेगळं आणि अळ्या होणं वेगळं, ते तिथं कळतं.

अंड्यापासून माशीपर्यंत

अळी फक्त खाते. चार-पाच दिवस, गारवा असला तर जास्त, दोनदा कात टाकते आणि सेंटिमीटरभर होते. पोट भरलं की एकदम तिचं वागणं बदलतं. इतके दिवस ओल शोधणारी अळी आता कोरडं शोधायला लागते, ढीग सोडून बाहेर पडते, सरपटत भिंतीच्या कडेला, दगडाखाली, मऊ मातीत शिरते. "डब्यात अळ्या होत्या, आता फरशीवर पण यायला लागल्या" अशी तक्रार ऐकू येते ना, त्या फरशीवरच्या ह्या. बरणीत हे बघायचं असेल तर दुसऱ्या मोठ्या डब्यात दोन बोटं कोरडा भुसा टाका, त्यात ती उघडी बरणी आडवी ठेवा आणि डब्याच्या तोंडाला मलमल बांधा.

मग ती आखडते, तिची स्वतःचीच कातडी कडक होते, आधी पिवळसर, मग तांबूस, मग गडद तपकिरी. हा कोष. हलत नाही, खात नाही, लोकांना वाटतं कसलंतरी बी पडलंय. उबेत चार-पाच दिवसांत कोषाचं टोक गोल टोपीसारखं उघडतं. आतल्या माशीला चावायला दात नाहीत, मग ती कपाळावरची एक पिशवी फुगवून ती टोपी ढकलते, त्याच पिशवीनं माती बाजूला सारत वर येते, आणि नंतर ती पिशवी कपाळात कायमची आत जाते. बाहेर आलेली माशी फिकट, पंख चुरगळलेले, उडता येत नाही, नुसती घाईघाईनं चालत सुटते. तासाभरात पंख ताठ होतात, रंग चढतो. आणि माशी वाढत नाही हं. बारकी माशी म्हणजे मोठ्या माशीचं पिल्लू असं बरेच जण समजतात, तसं नसतं. बाहेर येते त्याच मापाची मरेपर्यंत राहते, बारकी असली तर तिला अळीपणी खायला कमी मिळालं, नाहीतर ती दुसऱ्याच जातीची.

नर-मादी ओळखायचे असतील तर डोळे बघा, नराचे दोन्ही डोळे जवळजवळ, मादीच्या डोळ्यांत चांगलं अंतर. बाहेर आल्यावर दिवसा-दोन दिवसांत मिलन होतं. मादी बहुतेक वेळा एकदाच मिलन करते आणि ते शुक्राणू पोटात साठवून ठेवून आयुष्यभर वापरते. अंडी पोसायला तिला नुसती साखर पुरत नाही, प्रथिनं लागतात, म्हणून ती दूध, शेण, मांस, घाण धुंडाळत फिरते. आठवड्याच्या आसपास पहिला घोस घालते, एका वेळी ७५ ते १५० अंडी, असं काही दिवसांच्या अंतरानं चार-पाच वेळा, म्हणजे एका मादीची सहज ५०० अंडी. स्वतः जगते साधारण दोन-चार आठवडे.

हिशोब घाला आता. ऐन उबेत अंड्यापासून माशी व्हायला ७ ते १० दिवस. थंडीत हेच महिना-दीड महिना लांबतं, म्हणून पौषात माश्या कमी वाटतात. मे महिन्यात कडक ऊन पडलं की शेण वरनं लगेच वाळतं, तेव्हाही जरा बरं असतं, आणि वळवाचा पहिला पाऊस पडून उकिरडा भिजला की आठ-दहा दिवसांनी माश्यांचा ढग. लोक म्हणतात पावसानं माश्या आणल्या. पावसानं ओल आणली, पुढचं काम माद्यांनी केलं.

गोठ्यात शोध कुठं घ्यायचा

नवीन माणूस सगळा राग शेणाच्या पोवावर काढतो. मोकळं पडलेलं शेण उन्हात वाळतं, त्यात घरमाशीला तेवढी मजा येत नाही. तिला खरं आवडतं ते मिसळलेलं, म्हणजे शेण, मूत, सांडलेली पेंड आणि तुडवलेली वैरण ह्यांचा काला. हातात खुरपं घ्या आणि ह्या जागा उकरून बघा: गव्हाणीच्या खालची फट, वासरांच्या खाली अंथरलेला भुसा न् पाचट, पाण्याच्या हौदाच्या कडेची चिखलवट, मूत्र जायच्या नालीत जिथं उतार मोडलाय ती खळगी, मुरघासाच्या बॅगेतनं पाणी झिरपतं ती जागा. वासरांच्या खालचा भुसा हा सगळ्यात दुर्लक्षित, कारण वासरू बारकं, शेण थोडं, वरनं कोरडं दिसतं. बोटभर उकरलं की खाली पांढरं वळवळतंय. रक्त पिणारी माशी तर असल्या मूत मुरलेल्या कुजक्या पेंढ्या-पाचटातच वाढते.

मग खतखड्ड्याकडं या. ढिगाच्या मधे हात घालता येणार नाही इतकी ऊब असते, तिथं अळी टिकत नाही, ती वरच्या चार-सहा बोटांत आणि कडेला असते. आणि ढिगापासनं दोन-तीन फुटांवर कोरड्या मातीत खुरपं मारा, तपकिरी कोष मूठभर सापडले तर समजा पुढच्या आठवड्याची फौज तयार आहे. हे कोष देशी कोंबड्यांपुढं टाका, त्यांच्यासारखं औषध नाही.

चक्र तोडायचं

नियम एकच, ओल्या घाणीला एका जागी सलग आठवडा मिळू द्यायचा नाही. रोज शेण काढताच तुम्ही, पण वर सांगितलेल्या लपलेल्या जागा आठवड्यातनं दोनदा खरवडून काढा, म्हणजे अळी मोठी व्हायच्या आत बाहेर पडते. रोज काढायची गरज नाही आणि पंधरा दिवसांनी एकदा जोर लावून काढण्यात काही अर्थ नाही, मधल्या काळात एक पिढी उडून गेलेली असते. वार ठरवून घ्या, बुधवार-रविवार म्हणा, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहतं.

गोबर गॅस असेल तर ताजं शेण रोजच्या रोज त्यात जातं, माशीला सापडतच नाही, माझ्या मते माश्यांवरचा सगळ्यात भारी उपाय हाच आहे न् वर गॅस फुकट. स्लरी मात्र उघड्या खड्ड्यात साय धरून पडू देऊ नका. नसेल गोबर गॅस तर ढीग पसरट लावू नका, उंच लावा, काळं प्लास्टिक टाकून कडेला माती दाबा, आत उष्णता वाढते आणि वरच्या थरातल्या अळ्या शिजतात. चार-पाच दिवसांनी ढीग पालथा केला की कडेचं मधे जातं, तोही चांगला मार. चुना कडेला टाकून जागा कोरडी पडते, तेवढाच त्याचा उपयोग. फिनेल ओतून अळ्या मरतील ही आशा सोडा, वरच्या चार मरतात, खालच्यांना कळत पण नाही. थोड्या असतील तर सरळ उकळतं पाणी ओता.

चिकट कागद, गुळाच्या पाण्याचे सापळे हे सगळं उडत्या माश्यांसाठी. लावा, दिसायला बरं वाटतं, पण एक मादी सापळ्यात जाण्याआधी अंडी घालून गेलेली असू शकते. फवारणीचं पण तसंच, तेच तेच औषध मारत राहिलं की माश्यांना ते चालेनासं होतं, आणि दुकानदार पुढची बाटली देतो. जनावरावर न् गव्हाणीत काय मारायचं हे डॉक्टरला विचारल्याशिवाय ठरवू नका, शेवटी दूध आपणच पितो.

महापुराचं वेगळं सांगतो कारण नदीकाठी राहतो आपण. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं सगळ्यांना आठवतंय. पाणी ओसरतं तेव्हा भिजलेलं धान्य, कडबा, मेलेली जनावरं सगळं एकदम कुजायला लागतं आणि सगळीकडं एकाच वेळी ओल असते. तेव्हा क्रम असा लावा: मेलेलं जनावर खोल पुरायचं, भिजलेलं धान्य आणि पेंड आधी बाहेर, गाळ नंतर. गाळ घाण दिसतो म्हणून लोक आधी तोच काढत बसतात आणि तोवर धान्याच्या पोत्यात अळ्यांचं चक्र अर्धं झालेलं असतं.

जनावराच्या जखमेत आसड्या (म्हणजे माशीच्या अळ्या) पडल्या तर

हे घरमाशीचं काम नाही बहुतेक वेळा. हिरव्या-निळ्या माश्यांतली एक जात अशी आहे की ती मेलेल्या मांसावर अंडी घालत नाही, जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेला घालते, दीड-दोनशेचा घोस. फुटलेल्या अळ्या डोकं खाली करून मांसात शिरतात, आठवडाभर पोसतात आणि मातीत पडून कोष करतात. जखम मोठीच लागते असं नाही, गोचिडाचं भोक, कानातल्या बिल्ल्याची जखम, तुटलेलं शिंग, जोखडानं सोललेला बैलाचा खांदा, लाळ्या-खुरकुतात फाटलेले खूर आणि नुकत्या जन्मलेल्या वासराची ओली नाळ, एवढं पुरतं. २०२२ च्या लम्पीच्या साथीत गाठी फुटून झालेल्या जखमांना हाच धोका होता. आटपाडी-जतकडचे मेंढपाळ मेंढी नुसती अस्वस्थ दिसली, पाय आपटायला लागली, मागं वळून चाटायला लागली तरी लोकर बाजूला करून बघतात. तुम्ही पण तसंच बघा, वास येईपर्यंत थांबू नका.

करायचं काय. जनावर नीट बांधा. जखमेभोवतीचे केस कापा, कारण वरनं बोटाएवढी दिसणारी जखम आत मुठीएवढी असते. टर्पेंटाइन तेलाचा बोळा जखमेत थोडा वेळ दाबून धरला की आतल्या आसड्यांचं मागचं टोक बुजतं, श्वास कोंडतो आणि त्या वर यायला लागतात, सुरुवातीला सांगितलेले ते दोन ठिपके आठवा. मग चिमट्यानं एकेक काढायची. काढलेल्या मातीत फेकू नका, त्यांचे तिथंच कोष होतील, डब्यात गरम पाण्यात टाका. टर्पेंटाइन डोळ्याजवळ, सडाजवळ, नाळेपाशी वापरायचं नाही, तिथं डॉक्टरच. नंतर जखम धुऊन मलम, कडेनं माशी पळवणारा स्प्रे. दुसऱ्या दिवशी परत बघायचंच, खोल बसलेल्या चार-दोन राहतात, त्या पुन्हा आत खात जातात.

गावात कोण सीताफळाचा पाला वाटून भरतं, कोण डांबरगोळीची पूड टाकतं, कोण रॉकेल-पेट्रोल ओततं. पाल्यानं निदान नुकसान कमी. पेट्रोल-फिनेल ओतून मात्र चांगलं मांस भाजतं, जखम मोठी होते न् माशीला आणखी जागा मिळते. खोल जखम असेल, जनावर खात नसेल तर १९६२ ह्या नंबरवर फोन करा, सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री आहे. इंजेक्शन दिलं तर दूध किती दिवस वापरायचं नाही हे विचारून घ्या, विचारल्याशिवाय कोण सांगत नाही. कुत्र्याच्या जखमेत आसड्या दिसल्या तर टर्पेंटाइन लावू नका, ते चाटतं. आणि घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस नाहीतर शुगरवाल्याच्या पायाची जखम असेल तर ती रोज उघडून बघा, माशीला जनावर आणि माणूस ह्यात फरक कळत नाही, तिथं घरगुती काही न करता सरळ दवाखाना.

घर, डबा आणि बाल्कनीतलं खत

घंटागाडी रोज येत असेल तर तुम्हाला हा त्रास जवळजवळ नसणारच. दोन-तीन दिवसांनी येत असेल तर डब्यातल्या अळ्या ठरलेल्या. मासळीचं, चिकनचं उरलेलं कागदात गुंडाळून पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा आणि गाडी येईल त्या सकाळी बाहेर काढा, सासूबाई दोन दिवस बोलतील, मग सवय होते. डब्याच्या झाकणाची आतली कड आणि तळ धुवा, बहुतेक जण फक्त पिशवी बदलतात आणि तळाला साचलेल्या पाण्यात अळ्या पोसत राहतात. धुतल्यावर वाळवायचा, ओला डबा परत वापरला तर धुतला काय न् नाही काय.

बाथरूमच्या भिंतीवर बसलेल्या बारक्या, केसाळ, पंख पसरून बसणाऱ्या माश्या ड्रेनेजच्या आतल्या चिकट थरात वाढतात. ॲसिड नको, लांब ब्रशनं तो थर घासून काढा.

खताच्या डब्यात मोठ्या, चपट्या, जाड कातडीच्या, दोन सेंटिमीटरच्या अळ्या दिसल्या आणि त्यातल्या काही गडद तपकिरी असल्या तर घाबरून डबा फेकू नका. ती काळी सैनिक माशी, इंग्रजीत ब्लॅक सोल्जर फ्लाय, थोडक्यात बीएसएफ म्हणतात तिला. तिची मोठी माशी काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी वाटते पण चावत नाही, अन्नावर येऊन बसत नाही, आणि अळ्या ओला कचरा इतक्या झपाट्यानं खातात की लोक मुद्दाम पाळतात आणि कोंबड्या-माशांना खाद्य म्हणून विकतात. अंडी ती कचऱ्यात न घालता कडेच्या कोरड्या फटीत घालते, म्हणून झाकणाच्या चिरा बघा. नको असतील तर डबा कोरडा करा, वाळका पाला, कोकोपीट, लाकडाचा भुसा, ओल्याच्या दुप्पट कोरडं. घरमाशीच्या पांढऱ्या अळ्या असतील तरी उपाय तोच. डब्यातलं मूठभर दाबून पाणी टपकलं तर ओल जास्त आहे.

फळातली अळी

आंबा चिरला आणि आत अळी निघाली, बाहेरनं तर भोक नाही, मग आत गेली कुठनं? हाच प्रश्न पुन्हा, आणि उत्तर पण तेच. फळमाशी वेगळी, तपकिरी-पिवळी, गांधीलमाशीसारखी कंबर असलेली. फळ झाडावर पिकायला लागलं की मादी अंडी घालायच्या टोकानं साल टोचून आत अंडी सोडते, टोचलेली जागा एवढी बारीक की नंतर नुसता एक काळपट ठिपका राहतो. पेरू, आंबा, कारली, दोडका, सगळ्यांत हे होतं. अळी मोठी झाली की फळ गळतं, ती बाहेर पडून जमिनीत कोष करते. म्हणून गळलेली फळं बागेत कुजत ठेवायची नाहीत, रोज गोळा करून खोल पुरायची किंवा बंद काळ्या पिशवीत उन्हात ठेवायची. नराला वासानं ओढणारे सापळे मिळतात, आंबा-पेरूला मिथाईल युजेनॉलचे, कारली-दोडक्याला क्यू ल्यूरचे. दोन्हीत फक्त नर अडकतात, तेव्हा सापळा भरलेला बघून निवांत बसू नका, झाडाखालची गळ उचलायचीच. आणि आणलेल्या पेटीतला एखादा आंबा अळीचा निघाला तर तो खिडकीतनं परसात भिरकावू नका, पिशवीत बांधून घंटागाडीत टाका, परसात पडला की पुढच्या वर्षी तुमच्याच झाडाला.